फांदीवरचे बिल्ले

उस्तादांना रस्ता आवडत नसे. डांबरी असो की मुरमाचा, फटफटी त्यावर आली की त्यांचं तोंड आंबट व्हायचं. भिलाईबाहेरचं मरोद्याचं रेल्वेफाटक ओलांडून उतईच्या दिशेने थोडं गेलो, की हात न दाखवता, मागे बसलेल्याला काही न सांगता ते गाडी सरळ धानाच्या बांधीत घालत. दोन बांध्यांमधला धुरा जेमतेम हातभर रुंद. डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी, आणि मधून ती लष्कराच्या लिलावातली जुनी जड फटफटी गुरगुरत चाललेली. मागच्या सीटवर मी, डोळे मिटून. शेतकरी ओरडत धावून आला की उस्ताद गाडी थांबवत, त्याला हात जोडत, एक विडी देत, ढासळलेला धुरा स्वतः चिखल थापून नीट करून देत आणि पुढच्या बांधीत शिरत.

"रस्ता सरकारनं बांधला न? मंग जाऊ दे सरकारले त्याच्यावरून," असं त्यांचं म्हणणं. "आपल्याले कावून घाई हाय?"

हे लिहिताना मला हसू येतं आणि लगेच स्वतःचा राग येतो. या माणसाबद्दल हसत हसत सांगावं असं पुष्कळ आहे. पण कुठूनही सुरुवात केली तरी सगळं त्या एकाच झऱ्यापाशी जाऊन थांबतं, आणि तिथे हसण्यासारखं काही नाही.

भिलाईच्या कारखान्यात आमचं दुरुस्तीचं खातं होतं. ते फोरमन, मी त्यांच्या हाताखाली नवाच लागलेला चार्जमन. ते भंडाऱ्याकडचे, मी वर्ध्याचा, म्हणून सुरुवातीला त्यांनी मला जवळ केलं आणि पुढे मी वर्ध्याचा आहे म्हणून जन्मभर टोचून खाल्लं. छत्तीसगढी, बिहारी, तेलुगू, सगळ्यांचेच ते उस्ताद; त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कानावर पडे. भुवया जळून विरळ झालेल्या, शर्टाला ठिणग्यांची भोकं, अंगाला ग्रीजचा वास. शॉपमध्ये हिंदी, घरी मराठी आणि फटफटीशी मात्र छत्तीसगढी. चढावर ती धापा टाकू लागली की टाकीवर थोपटून "चल दाई, चल", म्हणजे चल आई, म्हणायचे. तिला दुसरी भाषा समजत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

"सहा दिवस आगीत, एक दिवस पाण्यात," हा त्यांचा नेम. आठवड्याची सुट्टी झोपेत घालवणाऱ्याला ते नामर्द म्हणत. पावसाळा ओसरला की दर सुट्टीला आमची टोळी निघायची. बालोदच्या पुढे, दल्लीच्या डोंगरांच्या अलीकडे, साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, जंगलात एक धबधबा होता. गावचे लोक त्याला नुसतं झरन म्हणत. तिथवर रस्ता नव्हता, आणि उस्तादांच्या लेखी तो त्याचा सर्वांत मोठा गुण होता. नाल्याच्या उथळ पात्रातून, दगडगोट्यांवरून, कधी गाडी चालवत आणि कधी गाडी ओढत आम्ही पोचायचो. मग पाण्याच्या कडेकडेने, शेवाळलेल्या खडकाला बोटं रुतवत वर चढायचं. मध्यावर, दुमजली घराच्या उंचीवर, एक कपार होती. पाण्याचा पडदा तिच्यासमोरून पडायचा. आत बसलं की बाहेरचं काही दिसायचं नाही, ऐकू यायचं नाही. तिथे बसून उस्ताद एक विडी ओढत आणि म्हणत, "हे माहं ऑफिस."

चढायचं खडकावरून, पण उतरायचं दोरावरून. एक जण कपारीच्याही वर जाऊन माथ्यावरच्या अर्जुनाच्या झाडाला दोर नुसता वेढून दोन्ही टोकं कपारीच्या तोंडावरून खाली सोडायचा. दोन्ही टोकं एकत्र धरून सगळे उतरायचे आणि मग खालून एक टोक ओढलं की अख्खा दोर सरसरत खाली. निघण्याआधी उस्ताद त्या दोराचा वीत न वीत नाकापाशी नेऊन हुंगायचे. कुजलेला ताग त्यांना वासावरून कळायचा.

आणि बिल्ले. आमच्या शॉपमध्ये कोणी यंत्राच्या पोटात शिरणार असेल तर तो आधी वीज बंद करून स्विचच्या खिळ्यावर आपला पितळी बिल्ला टांगायचा. बिल्ला आहे तोवर आत माणूस आहे, स्विचला हात लावायचा नाही. बाहेर आला की ज्याचा त्याने काढायचा. इतर ठिकाणी हा नियम फळ्यावर लिहिलेला असे; आमच्या शॉपमध्ये तो उस्तादांच्या डोळ्यांत असे. दुसऱ्याचा बिल्ला काढला म्हणून एका जुन्या फिटरच्या त्यांनी सगळ्यांदेखत कानाखाली वाजवली होती. ज्याचा बिल्ला होता तो त्या फिटरचा दोस्त शेजारीच उभा होता, त्याच्याच सांगण्यावरून काढला होता, तरी.

तोच नियम त्यांनी झरनीवर नेला. खाली जांभळाचं झाड होतं. चढण्याआधी प्रत्येकाने आपला बिल्ला त्याच्या खालच्या फांदीला टांगायचा, उतरल्यावर आपल्या हाताने काढायचा. फांदी रिकामी झाली की दोर ओढायचा. कोणाला विचारायचं नाही, हाका मारायच्या नाहीत.

"पाण्याच्या आवाजात 'हो' काय अन् 'नाही' काय, सारखंच," ते म्हणायचे. "माणूस चुकते, फांदी नाही चुकत."

हे वेड कुठून आलं ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही झरनीच्या कपारीत, ओरडून. तरुणपणी दोघे भाऊ एका भातगिरणीत कामाला होते. मोठा भाऊ पट्टा बसवायला आत शिरला होता. सगळे बाहेर आले असं समजून कोणीतरी यंत्र सुरू केलं. ज्याने सुरू केलं तो चांगला माणूस होता, म्हणाले. "वाईट असता तं बरं झालं असतं. मारता तरी आलं असतं त्याले."

त्यांची एकुलती एक मुलगी. बापाने तिला मुलासारखी वाढवली असं लोक म्हणत. खरं म्हणजे फटफटीसारखी वाढवली, म्हणजे फार जपून आणि फार ओरडून. तिचं लग्न नागपूरच्या एका शाळामास्तराशी झालं. मुलगा सालस, किरकोळ अंगाचा, जाड भिंगांचा चष्मा. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला लेक-जावई भिलाईला आले, आणि उस्तादांना काय करू नि काय नको असं झालं. त्यांच्या मायेची रीत एकच. त्यांनी जावयाला झरन दाखवायची ठरवली.

बायकोने अडवून पाहिलं. "पाहुण्याइले कावून नेता जी जंगलात? कापडं घेऊन द्या, सिनेमा दाखवा."

"सिनेमा नागपुरात नाही काय?"

जावयाला बिल्ला नव्हता. उस्तादांनी शॉपमध्ये पितळेचा तुकडा कापून, कानस मारून, चकाकता करून त्यावर त्याचं नाव ठोकलं आणि लाल दोऱ्यात ओवला. निघताना दारात तो जावयाच्या हातात दिला तेव्हा लेक हसून म्हणाली, "आता तुम्ही बाबाच्या शॉपमधले झाले." जावई लाजला. मला ते सगळं फार छान वाटलं होतं.

त्या दिवशी आम्ही चौघे होतो. उस्ताद, जावई, मी आणि आमचा रिगर, म्हणजे शॉपमधली जड ओझी दोराने उचलणारा माणूस. तो धमतरीकडचा छत्तीसगढी, दिवसातून दोन वाक्यं बोलणारा. मी रिगरच्या गाडीवर होतो. जावई उस्तादांच्या मागे बसून भेदरेल असं वाटलं होतं, पण धुऱ्यावरून गाडी जाताना पोरगा मोठ्याने हसत होता. झरनीवर तो धडपडत का होईना, चढला. कपारीत आम्ही चौघे बसलो. तुषारांनी त्याच्या चष्म्याला काही दिसेना, म्हणून त्याने तो काढून मागच्या खाचेत ठेवला आणि पाण्याच्या पडद्यात हात घालून बसला. उस्ताद माझ्याकडे बघत होते, आणि त्यांची छाती इतकी फुगली होती जणू तो धबधबा त्यांनीच बांधला.

उतरताना आधी रिगर, मग मी, मग उस्ताद उतरले. जावई शेवटी दोर धरून येत होता. मी पाण्याकाठी कपडे पिळत होतो. रिगर आडोशाला गेला होता. उस्ताद जांभळाखाली उभे राहून वर बघत होते. जावयाचे पाय खालच्या मोठ्या दगडाला लागले. झालं, आला, असं त्यांना वाटलं. कोणालाही वाटलं असतं. त्यांनी स्वतःचा बिल्ला काढला आणि हात तसाच पुढे नेऊन लाल दोऱ्याचाही काढला.

मी बघितलं. त्यांनीही मी बघितलेलं बघितलं, आणि जरा ओशाळून म्हणाले, "जावई हाय न बे. पाहुण्याले झाडावरून काढाले लावू काय? मी घालतो त्याच्या गळ्यात."

आपल्याकडे जावयाला ताटावरून उठून पाणी घ्यावं लागत नाही. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. बिल्ला खिशात टाकून ते चुलीकडे वळले, कारण जावयाला पहिला चहा द्यायचा होता. मी काटक्या गोळा करायला गेलो.

आणि जावयाला चष्मा आठवला. तो दगडावरून तसाच मागे फिरला, दोर धरून पुन्हा वर चढला आणि पडद्याआड गेला. रिगर परत आला. नियमाप्रमाणे त्याने कोणाला विचारलं नाही. फांदीकडे पाहिलं, फांदी रिकामी होती, आणि त्याने दोर ओढला.

दोराचं वेटोळं त्याच्या खांद्यावर चढेस्तोवर जावई कपारीच्या तोंडाशी आला. चष्मा डोळ्यांवर, भिंगं ओली. त्याने खाली पाहिलं, दोर नव्हता. उस्तादांनी मान वर केली आणि त्यांच्या हातातलं भांडं चुलीत पडलं. ते दोन्ही हात उंच करून ओरडले, "तिथंच थांबा! जागेवरून हलू नका!" रिगर दोर घेऊन माथ्याकडे चढायलाही लागला होता. थोडा वेळ थांबायचं होतं, बस. पण पाण्याच्या आवाजात 'हो' काय अन् 'नाही' काय. आणि मला वाटतं, त्याला ऐकू आलं असतं तरी त्याने तेच केलं असतं. सासऱ्याचा चहा खोळंबला, आपल्यापायी म्हातारी माणसं पळताहेत, याचीच त्याला लाज वाटली असावी. त्याने हात हलवून 'राहू द्या, येतो' अशी खूण केली आणि खडकाकडे तोंड करून उतरायला लागला. पहिलं पाऊल नीट पडलं.

दुसऱ्याचं मी लिहीत नाही.

फटफटीवर उस्ताद पुढे, मधे जावई, मागे मी त्याला कवेत धरून. रिगर वाट मोकळी करत पुढे पळत होता, मग आपली गाडी आणायला मागे राहिला. जंगलातून बाहेर पडल्यावर एक गुराखी दिसला आणि उस्तादांनी त्याला कधी नव्हे ते विचारलं, "सडक किधर है भैया? सडक?" डांबरी लागल्यावर ते दर थोड्या वेळाने मान न वळवता विचारत, "श्वास हाय न?" मी म्हणत होतो, "हाय." बालोदच्या बाजूला की गुंडरदेहीच्या, ते आता आठवत नाही; श्वास थांबला ते मला कळलं, पण मी "हाय" म्हणत राहिलो. नाही म्हटलं असतं तर गाडी कोणी चालवली असती?

शॉपमध्ये सगळ्यांचं एकमत झालं. पाय घसरला. खडकावर शेवाळ होतं, पाहुणा नवखा होता, पाय घसरला. आणि ते खोटंही नव्हतं. रिगर तीन दिवस जेवला नाही, उस्तादांनी त्याच्या घरी जाऊन त्याला हाताने भात भरवला आणि सांगितलं, "तू नियमानं केलं." मी उस्तादांना परोपरीने समजावलं, की आता सांगून माणूस परत येणार नाही, आणि पोरीला माहेरचं एकच दार उरलंय, ते तिच्या तोंडावर कशाला लावता? ते ऐकून घेत.

तेरवीला मी त्यांच्याबरोबर नागपूरला गेलो. पंगत उठली होती. आतल्या खोलीत बायका बसल्या होत्या, आणि त्यांतली एक, आवाज चढवून, बाहेर ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "वर्षही झालं नाही घरात येऊन. पांढऱ्या पायाची निघाली पोरगी." मुलगी तिथेच भिंतीशी मान खाली घालून बसली होती.

उस्ताद उठले. दारात उभे राहिले आणि शॉपमध्ये ऑर्डर द्यायचे त्या आवाजात बोलले.

"पाय तिचा नाही जी. हात माहा हाय."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. फांदी, बिल्ला, दोर, सगळं. कोणाला काही कळलं, कोणाला नाही. व्याह्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे तुम्ही बिल्ला काढला नसता तर दोर खाली आला नसता?" उस्ताद म्हणाले, "नाही." व्याही म्हणाले, "मग लेकीला घेऊन जा. तुमच्यापैकी कोणाचंच तोंड बघायचं नाही." संध्याकाळच्या गाडीने आम्ही परतलो. मुलगी खिडकीशी बसली. राजनांदगाव आलं तेव्हा तिने डबा उघडला, बापाच्या हातात पोळी दिली आणि म्हणाली, "खाऊन घ्या बाबा. औषध घ्यायचं हाय तुम्हाले."

त्यानंतर ती त्या विषयावर एक शब्द बोलली नाही. कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमधल्या दोन खोल्यांत बाप, लेक, आई राहत होते. ती बालवाडीत शिकवू लागली. पाणी आलं का, राकेल संपलं, बाबा तुमचा डबा, असं सगळं बोलणं होई. आवाजात राग नाही, टोमणा नाही. फटफटी मागच्या अंगणात पपईखाली गंजत उभी राहिली आणि उस्ताद सायकलने, रस्त्याच्या डाव्या कडेने, कारखान्यात येऊ लागले.

शॉपमध्ये ते असह्य झाले. स्विचवरचे बिल्ले निघाले तरी त्यांना पटेना. स्वतः यंत्राखाली वाकून बॅटरी मारत, माणसांना नावाने हाका मारून समोर उभं करत, मग पुन्हा वाकत. काम तासन् तास अडायचं. नवी पोरं पाठीमागे त्यांची नक्कल करत. शेवटी साहेबांनी त्यांना स्टोअरमध्ये बदललं, जिथे बंद-चालू करण्यासारखं काही नव्हतं. मी भांडलो, साहेबांना नाही नाही ते बोललो. उस्ताद म्हणाले, "राहू दे. बराबरच केलं त्यानं."

निवृत्तीनंतर कंपनीचं क्वार्टर सोडावं लागलं. कुम्हारीला हायवेपासून आत एक छोटं घर घेतलं. बायको तिथे गेल्यावर फार दिवस जगली नाही. मी महिन्या-पंधरवड्याने बसने जायचो. ते ओसरीवर बसलेले असत, नुसती हाडं उरलेली. लेक शाळेत गेली की बोलत.

"पोरगी मले काही म्हणत कावून नाही रे?"

"तिच्या मनात काही नसेल, उस्ताद."

"नसन कसं? नवरा मारला मी तिचा. नागपुरात सांगितलं, तिनं ऐकलं. मले वाटलं, घरी गेल्यावर विचारन. दार लावून विचारन, भांडन, कपाळ फोडन माहं. मी वाट पाहून राहिलो. वाढते, धुते, गोळ्या देते." मग माझा हात धरून म्हणायचे, "एक डाव शिवी द्याव तिनं मले. एकच डाव. मंग मी मोकळा होतो."

मी एकदा म्हटलं, तुम्हीच का नाही बोलत? ते म्हणाले, "मी तं सांगून बसलो. आता पाळी तिची हाय." असा तो माणूस. इथेही नियम होता, आणि दुसऱ्याच्या पाळीला ते हात लावणार नव्हते.

शेवटच्या आजारात त्यांनी बोलणंच सोडलं. लेक दिसली की तिच्या तोंडाकडे बघत राहायचे, तिने तोंड उघडलं की मान किंचित उचलायचे. ती म्हणायची, "पाणी देऊ का, बाबा?" आणि मान पुन्हा उशीवर पडायची. मी ते बघितलं आहे आणि मला ते विसरता येत नाही. गेले तेही असेच, तिच्याकडे बघत.

त्यांच्या तेरवीनंतर मी कुम्हारीला गेलो. दुपार होती. तिने चहा ठेवला, समोर पाटावर बसली. केस बरेच पांढरे झाले होते. कप माझ्या हातात देता देता ती म्हणाली, "काका, गाडीवर त्यांना धरून तुम्हीच होते न?"

कोणाबद्दल विचारते आहे ते कळायला मला वेळ लागला.

"काही बोलले का ते?"

मी सांगितलं. एकदाच बोलला होता, जंगलात असतानाच. चष्मा फुटला का, असं त्याने विचारलं होतं, आणि मी नाही म्हटलं होतं. ती ऐकत होती. मग तिने एकेक करून सगळं विचारलं. कपारीत कुठे बसला होता, चहा प्याला होता का, भीत होता का. धुऱ्यावर हसत होता हे सांगितलं तेव्हा तिने पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"इतकी वर्षं कावून नाही विचारलं, बाई?"

"बाबा होते न घरात." तिने डोळे पुसले. "त्यांच्यासमोर नाव काढलं असतं तं ते मेले असते, काका. रात्री झोपेत बडबडत, मले ऐकू येई. मी ठरवलं होतं, आपल्या तोंडून त्यांना कधी आठवण द्यायची नाही. लय जड गेलं, पण नाही दिली." मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "एवढं सुख तं दिलं न मी त्यांना?"

मी कप खाली ठेवला.

"दिलंस, बाई," मी म्हणालो. "दिलंस."